एसटीच्या मागे

आमच्या घरात कोणाला गाडी येते आणि कोणाला येत नाही, हे नाना ठरवायचे. नाना म्हणजे माझे सासरे. धुळ्याच्या बाजूला सारी नोकरी एसटीची बस चालवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे जळगावला राहायला आले. माझ्याकडे लायसन होतं, पण त्याला ते मोजत नसत. "त्या साहेबनी तुले पास करं. मी नही करं," असं म्हणून ते सुपारी कातरायला घ्यायचे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बँकेत मला बढती मिळाली आणि बढतीबरोबर सावद्याची बदली. नवऱ्याला त्याच्या खात्यानं आधीच चंद्रपूरकडे धाडलेलं. पोरगी चार वर्षांची. ती झोपेत असताना मी घरातून निघायची, भुसावळला बस बदलायची आणि सावद्यात पोचेपर्यंत इस्त्रीची साडी बोचक्यासारखी व्हायची. परतीला पुन्हा तेच, वर रस्त्यात केळीच्या ट्रकांची रांग. घरी यायची तेव्हा पोरगी अक्कांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कुशीत गाढ झोपलेली. एकदा शेजारणीनं तिला विचारलं, "तुझी आई कुठं असते गं?" तर ती म्हणाली, "आई रविवारी येते." मी आत मेथी निवडत होते. मला इतकं लागलं ते, की देठं भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकली. त्याच आठवड्यात ठरवलं, मार्चअखेरीचं काम उरकलं की राजीनामा द्यायचा. पोर मोठी होईल आणि मला काकू म्हणेल, ते नको.

दारात गाडी होती, हीच तर गंमत. गोल दिव्यांची, गिअर स्टिअरिंगला असलेली, पांढरी. जिल्ह्यातल्या निम्म्या डॉक्टरांकडे तेव्हा तीच असायची. आमचीही एका डॉक्टरांकडूनच घेतलेली, आतून अजून स्पिरिटचा वास यायचा. नवरा चंद्रपूरला गेल्यापासून ती आठवडाभर ताडपत्रीखाली उभी. शाखेतले दोघं जळगावहूनच यायचे, ते पेट्रोलात भागी करायला तयार होते. गाडीनं गेलं असतं तर मी दिवेलागणीच्या आत घरी. पण एकटीनं गाडी न्यायची म्हणजे नानांनी पास करायला हवं, आणि नाना काही करत नव्हते. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "नानांना विचार." एवढं सांगायला ट्रंक कॉल.

नानांची परीक्षा त्यांच्या खात्यातली होती. ड्रायव्हर चांगला की वाईट, हे मागच्या झोपलेल्या माणसावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. प्रवासी जागा झाला की ड्रायव्हर नापास. म्हणून दर रविवारी अक्कांना मागच्या सीटवर बसवायचं. अक्का गाडीत बसल्या की लगेच झोपायच्या, त्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरला नसता. नाना माझ्या शेजारी. मी स्टिअरिंगवर. गाडी हलली की नाना मध्येच विचारायचे, "तुना मांगे कोन शे?" मान न वळवता, आरसा बघून लगेच सांगायचं. सायकल. टांगा. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल. उत्तराला क्षणभर उशीर झाला की ते खिडकीबाहेर बघायचे. वळणावर हॉर्न हवाच, मग समोर चिटपाखरू नसलं तरी. वळताना खिडकीतून हात काढून इशारा हवाच, गाडीला वळायचा दिवा असला तरी. "दिवानं काय खरं शे? बल्ब जाई," हे त्यांचं म्हणणं.

मी दर वेळी नापास व्हायची. कारण रेल्वे फाटक आलं की अक्का आपोआप जाग्या व्हायच्या. फाटकाशी शेंगा मिळायच्या.

"अहो, त्या शेंगांसाठी उठतात," मी म्हणायची.

"जागी व्हयनी ना?"

"मी काय परीक्षेचा पेपर आहे का तुमचा?" अक्का मागून म्हणायच्या आणि शेंगा फोडायला लागायच्या.

हे सगळं मी सोसलं असतं. पण नानांचा एक नियम असा होता की त्यानं माझं डोकंच फिरायचं. एसटीला ओव्हरटेक करायचं नाही. कधीच नाही. समोर लाल बस आली की तिच्या मागे राहायचं. ती थांबली की आपण थांबायचं, कंडक्टर खाली उतरून बिडी ओढून येईपर्यंत आपण तिच्या धुरात बसायचं, ती निघाली की निघायचं. एकदा सरावासाठी आम्ही सावद्याला गेलो. भुसावळच्या पुढे एक बस मिळाली, ती थेट सावद्यापर्यंत. रोज बसनं जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. मी स्टँडासमोर गाडी उभी केली आणि म्हटलं, "नाना, बसच्या मागेच राहायचं तर मी बसमध्येच बसते की. निदान तिकिटावर झोपायला तरी मिळतं."

"मग बस," नाना म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासऱ्यांना काय बोलणार? परत येताना मी गिअर जरा जोरात टाकले, तेवढंच.

याच दिवसांत आमच्या शाखेचे एक खातेदार, केळीचे व्यापारी, माझ्या टेबलाशी आले. चाळिशीतले गृहस्थ, पण गाड्यांचं वेड असं की बोलताना हातानं गिअर टाकत बोलायचे. त्यांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी धुळ्याबाहेरची विमानाची धावपट्टी एका रविवारसाठी मागून घेतली होती. त्या रविवारी विमान येणार नव्हतं. इतर वारीही फारसं येत नसे. "आपापली रोजची गाडी आणायची आणि मोकळ्या पट्टीवर जोरात चालवून बघायची, मॅडम. शर्यत नाही. नंबर नाही. गाडी जोरात असताना काय करते, तेवढं कळतं." असं आपल्याकडे आधी कधी झालेलं नाही, पहिल्यांदाच होतंय, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

माझ्या मनानं लगेच घेतलं. नानांनी मला चाळीसच्या पुढे काटा नेऊ दिला नव्हता. ह्या बाईला जोरात गाडी आवरता येते, हे त्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तर कदाचित पाघळतील. मी तिथंच हो म्हणून टाकलं आणि संध्याकाळी घरी सांगितलं.

"हाई शर्यत शे का?" नानांनी विचारलं.

"शर्यत नाही."

"मग घाई कसानी शे?"

अक्का म्हणाल्या, "धुळ्याला जायचंय ना? मग मी भरीत करते." त्यांनी जानेवारीतली वांगी डोळ्यांपुढे आणली आणि विषय संपला. नाना नको म्हणतील असं वाटलं होतं, पण गाडी धुळ्याला जाणार म्हटल्यावर त्यांच्या अंगात डेपो संचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री काढून ते गाडीखाली शिरलेले होते.

गाडी तयार करायच्या सूचना व्यापाऱ्यांनी तोंडी दिल्या होत्या. ब्रेक नीट हवेत, ब्रेकचं तेल नवं हवं, टायरात हवा रोजच्यापेक्षा थोडी जास्त, चाकांवरच्या चकचकीत वाट्या काढून टाकायच्या, बॅटरी घट्ट बांधायची आणि गाडीत सुटी वस्तू एकही ठेवायची नाही. नानांनी ब्रेक उघडले, लायनर घासले, तेल बदललं, आणि मला पुढे बसवून पेडल दाबायला लावलं. दाब, सोड, दाब, धर. पायाला गोळे आले. "आते बेस शे," ते गाडीखालूनच म्हणाले. चाकांच्या वाट्या काढल्यावर मात्र गाडी अशी दिसायला लागली की अक्कांनी त्या धुऊन फडताळात ताटांशेजारी लावून ठेवल्या.

सीटचा पट्टा हवा, असंही व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं. आमच्या गाडीला पट्टे नव्हते. नानांनी मोडीत निघालेल्या एका जीपचे पट्टे आणून बसवले आणि मग कितीतरी वेळ हातात टोक घेऊन बघत राहिले. ड्रायव्हरला बांधायचं म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही, असं त्यांचं मत पडलं. स्वतःच्या बाजूचा पट्टा त्यांनी लावला, पण मांडीवरून नुसता ओढून घेतला, एखाद्या पंच्यासारखा.

ड्रायव्हरची, म्हणजे माझी, तयारी त्याहून बिकट. हेल्मेट सक्तीचं होतं. तेव्हा जळगावात हेल्मेट घालणारा माणूस रस्त्यानं गेला तर लोक वळून बघायचे. शेवटी एका विमा एजंटकडचं मिळालं. त्याला आवळ्याच्या तेलाचा वास होता, आणि माझा अंबाडा त्यात मावेना. अक्कांनी अंबाडा सोडून दोन वेण्या घातल्या. साडी चालणार नव्हती म्हणून पंजाबी ड्रेस, आणि बंद बूट हवेत म्हणून नवऱ्याचे कॅनव्हासचे, पुढे कापूस कोंबून. आरशात बघितलं. बँकेची अधिकारी तर मुळीच वाटत नव्हते. पोरगी म्हणाली, "आई, तू शाळेत चाललीस?"

रविवारी पहाटे निघालो. पारोळ्यापर्यंत एका एसटीच्या मागे आणि पारोळ्यानंतर दुसऱ्या. अक्का झोपल्या, पोरगी त्यांच्या मांडीवर झोपली, फाटक नव्हतं म्हणून कोणी उठलं नाही. पण हा पेपर नानांनी धरला नाही. थंडीत माणसाला झोप लागतेच, म्हणाले.

धावपट्टीवर पंधरा-वीस गाड्या जमल्या होत्या. सगळ्या आमच्यासारख्याच, घरच्या. एकीच्या मागच्या काचेवर अजून 'शुभविवाह' होतं. पट्टीवर चुना लावलेले तेलाचे रिकामे डबे मांडून वळणं केली होती. व्यापारी डोक्याला टोपी घालून प्रत्येक गाडीत डोकवत होते. आमच्या गाडीशी आले आणि म्हणाले, "सुटं सगळं बाहेर काढा."

नानांनी गाडी धुतली होती, रिकामी केली नव्हती. त्यांच्या लेखी ते सामान सुटं नव्हतं, ते गाडीचंच होतं. अक्कांनी चादर पसरली आणि सामान बाहेर यायला लागलं. चाकाला लावायचा लाकडी ठोकळा. ठोकळा हरवला तर वीट. पाण्याचा कॅन, जॅक, पाना, ग्रीसचा डबा, दोर, छत्री, दोन फॅनबेल्ट, फडक्यांचं गाठोडं, आणि रबरी फुग्याचा जुना पों पों हॉर्न, विजेचा हॉर्न बंद पडला तर. मग भरताचा डबा, पुऱ्यांचा डबा, ठेच्याची बाटली. एक गृहस्थ थांबून जॅकची किंमत विचारून गेले.

"आनि पंक्चर व्हयनं त?" नानांनी व्यापाऱ्यांना विचारलं.

"नाना, पट्टी तेवढीशी आहे. चालत येऊ."

नानांना हे आवडलं नाही. शेवटी डॅशबोर्डवरची बुद्धमूर्ती उरली. व्यापाऱ्यांनी ती दोन बोटांनी हलवून बघितली. हलली नाही. मग पंजानं धरून ओढली. तरी हलली नाही, नानांनी ती अशी चिकटवली होती. "ही राहू द्या," व्यापारी म्हणाले. "आख्ख्या गाडीत हीच एक नीट बसवलेली आहे."

मग सगळ्यांना उभं करून त्यांनी नियम सांगितले. मला आठवतो तो एकच. पाच-सहा गाड्या एकदम पट्टीवर असतील. मागची गाडी जोरात असेल तर पुढच्या ड्रायव्हरनं सरळ रस्त्यावर खिडकीतून हात काढायचा आणि तिला पुढे जायचा इशारा द्यायचा. तो हात दिसल्याशिवाय कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही. हे ऐकताना नाना माझ्या शेजारी होते. त्यांनी मफलर सोडला आणि पुन्हा बांधला.

पहिल्या फेरीला शेजारी माणूस बसवायची मुभा होती. नाना बसले, मफलरवर व्यापाऱ्यांनी दिलेलं हेल्मेट. मी निघाले. पहिल्या डब्याशी हॉर्न. दुसऱ्या डब्याशी हॉर्न. "तुना मांगे कोन शे?" चार गाड्या, नाना. पुढच्या वेळी आरशात बघितलं तर पाच. पट्टीवरच्या सगळ्या गाड्या माझ्या मागे, वऱ्हाड निघाल्यासारख्या. कडेला व्यापारी दोन्ही हात हलवून ओरडत होते, "हात द्या, मॅडम! हात द्या!"

"नाना, पुढे जा म्हणायचा हात कसा देतात?"

आख्खी हयात बस चालवलेला माणूस. म्हणाला, "मले माहीत नही."

मी चिडले. अस्सा संताप आला! वळायचा हात माहीत, थांबायचा हात माहीत, आणि हा एवढा माहीत नाही? तेवढ्यात उजवं वळण आलं आणि मी सवयीनं, नानांनी शिकवलेला, वळायचा हात बाहेर काढला. मागच्याला वाटलं, मिळाला एकदाचा इशारा. त्यानं उजवीकडून गाडी घातली. मी उजवीकडे वळले. त्यानं कचकन ब्रेक दाबला, त्याची गाडी आडवी झाली आणि तेलाचा एक डबा हवेत उडून असा काही वाजत गेला की पट्टीच्या टोकाची बगळ्यांची रांग उठली.

लाल फडकं दाखवलं. सगळे थांबले. कोणाला काही झालं नव्हतं, गाड्यांनाही नाही. व्यापारी धावत आले. "मॅडम, इथं वळायचा इशारा द्यायची गरज नाही. सगळेच वळणार आहेत." मी त्या मागच्या माणसाची माफी मागितली, त्यानं माझी मागितली. शेजारी बघितलं तर नानांचा चेहरा पांढराफटक. ते पट्टा काढून उतरले, हेल्मेट बॉनेटवर ठेवलं आणि पट्टीच्या कडेनं चालत गेले.

मी तणतणत अक्कांकडे गेले. "बघितलंत? साधा एक हात सांगायला काय झालं होतं ह्यांना?"

अक्का पोरीला पुरी भरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो हात ते देत नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती तेव्हाची गोष्ट. नाना बस घेऊन चालले होते. मागे एक गाडी सारखी हॉर्न देत होती. नानांनी समोर बघितलं, रस्ता मोकळा दिसला, म्हणून हात काढून जा म्हटलं. ती पुढे आली आणि समोरच्या उतारातून ट्रक वर आला. गाडीतले दोघं जागच्या जागी गेले. नानांना कोणी दोष दिला नाही. कोणी विचारलंही नाही. त्यांनी स्वतःहून डेपोत जाऊन सांगितलं, मी हात दिला होता. साहेब म्हणाले, तुमचा काही संबंध नाही, उद्या ड्यूटीवर या. ते गेले. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मागच्यानं कितीही हॉर्न मारू दे, तो हात त्यांनी बाहेर काढला नाही. "लोक शिव्या देऊन जायचे," अक्का म्हणाल्या. "आपल्या जबाबदारीवर जायचे. ह्यांच्या नाही."

पोरगी म्हणाली, "अजून पुरी." अक्कांनी पुरी दिली.

माझा राग कुठं गेला कळलं नाही. एवढे महिने मला वाटत होतं, ह्या म्हाताऱ्याला आपल्या लाल बसचा भारी मान, म्हणून मला मागे ठेवतो. रडू आलं. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून बरं झालं.

नाना त्या चादरीवरच्या सामानाजवळ बसले होते. मी जाऊन उभी राहिले. "दुसरी फेरी आहे. मी एकटी जाऊ का?"

"मले काय विचारस?" ते म्हणाले. पण उठले. सामानातून पाना काढला आणि चारी चाकांचे नट एकेक करून आवळले, सकाळी आवळलेलेच. पाना फडक्यात गुंडाळला. मग माझ्या खिडकीशी आले आणि पट्टीकडे बघत म्हणाले, "हॉर्न नको वाजाडू."

त्यांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

मी गेले. शेजारची सीट रिकामी. दुसरा, तिसरा, आणि काटा चाळीसवरून पन्नासवर, साठवर, मग मी काट्याकडे बघायचं सोडलं. खिडकीच्या काचा खडखडायला लागल्या. वळणाआधी सरळ रेषेत जोरात ब्रेक, मग गिअर, मग वळायचं. हे व्यापाऱ्यांनी सांगितलेलं. नानांच्या शिकवणीत जोरात ब्रेक नव्हताच, मागचे प्रवासी पडतात. पण मागे कोणी नव्हतं. गाडीनं नाक खाली घातलं, टायर किंचाळले आणि ती गपगुमान वळली. नानांनी घासलेले ब्रेक होते ते, एका बाजूला जरासुद्धा ओढले नाहीत. मी एकटीच मोठ्यानं हसले. पुढे व्यापाऱ्यांची जीप आली. मी मागे राहिले. सरळ रस्ता लागला आणि जीपमधून हात आला, जा, जा. मी आरसा बघितला, समोर बघितलं, गेले. मागे कोण आहे? जीप, नाना. रिकाम्या सीटला सांगितलं मी. फार मजा आली मला, खोटं कशाला बोलू.

परत आले तेव्हा गाडीतून तापलेल्या ब्रेकचा वास येत होता. व्यापारी म्हणाले, "वा मॅडम!" नाना म्हणाले, "तिसरा जरा उशिरा टाकस तू." मग चादरीवरचं सगळं सामान, वीट धरून, त्यांनी होतं तिथं परत ठेवलं. भरीत खाल्लं. पास-नापासाचं मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. माझ्या डोक्यात पुन्हा मार्चअखेर आणि राजीनामा यायला लागला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा निघालो. पारोळ्याचा स्टँड आला आणि नाना एकदम म्हणाले, "थांबाड."

थांबवली. ते उतरले, मागचं दार उघडलं. "चाल, ऊठ. आपन बसनी जाऊत. पोरले गाडीमा मळमळस."

पोरगी मागे उभी राहून चिक्की खात होती आणि गाणं म्हणत होती. जन्मात तिला कधी गाडी लागली नव्हती. अक्कांनी तिच्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि चप्पल शोधायला लागल्या.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू ये गाडी लई." ते चालायला लागले, मग वळून म्हणाले, "बस पुढे ऱ्हायनी त मांगेच ऱ्हाय."

म्हणजे एकटीनं चालवायची, पण बसच्या मागे. मला हसावं की रडावं कळेना. जळगावची बस लागलेलीच होती. तिघं चढले. बस निघाली, मी निघाले, तिच्या मागे. ती थांबली, मी थांबले. तिचा धूर माझ्या गाडीत आला, मी काच वर केली. एरंडोलला कंडक्टर उतरून चहा पिऊन आला. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. एरंडोल मागे पडलं, कापसाचे ट्रॅक्टर लागले, सूर्य माझ्या आरशात आला, आणि मी तशीच, लाल बसच्या पाठीवरचा मजकूर वाचत.

मग सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना नुसती शेतं. बसच्या उजव्या बाजूनं, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीतून, एक हात बाहेर आला. मनगटावर घड्याळ. नाना घड्याळ उजव्या हातात बांधायचे, डावा हात सदा गिअरवर म्हणून. हात आला आणि नुसताच खिडकीच्या दांडीवर राहिला. मी गाडी जरा उजवीकडे घेतली. तोच पंजा उघडला, उभा राहिला. थांब. मी थांबले, म्हणजे मागे सरले. समोरून एक ट्रक आला, गेला. त्याच्यामागे एक मोटारसायकल, तीही गेली. हात तसाच उभा होता. मग तो खाली आला. थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं, झालं, आत घेतील आता. नानांनी पुढे वाकून बघितलं असावं, कारण खिडकीत त्यांचं पांढरं डोकं दिसलं, लांबवर रस्त्याकडे बघणारं.

आणि मग हात हलला. मागून पुढे. सावकाश, एकदा. मग पुन्हा मागून पुढे. जा.

मी आरसा बघितला. समोर बघितलं. हॉर्न नाही वाजवला. तिसऱ्यात घेऊन गाडी बाहेर काढली आणि त्या लाल पत्र्याच्या कडेकडेनं पुढे गेले. वरच्या खिडकीत पोरीचा आवाज आला, "आई! आई!" मी वर बघितलं नाही, नानांना ते चाललं नसतं. पुढे जाऊन डाव्या बाजूला आले तेव्हा आरशात बस होती, आणि तिच्या बाहेर तो हात अजून तसाच, बोटं पसरलेली, जणू मी सुखरूप पुढे पोचेपर्यंत आत घ्यायचाच नव्हता.

घरी आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मी कुलूप काढलं, हातपाय धुतले, खिचडी टाकली. खिचडी होऊन निवायला लागली तेव्हा ते तिघं आले. पोरगी जागी होती. दारातच कमरेला मिठी मारून म्हणाली, "आई, तू आधी आलीस!" मी तिला उचललं. तिच्या केसांना बसचा वास येत होता.

नाना पायरीवर बसून बूट सोडत होते. मी पाण्याचा तांब्या नेऊन त्यांच्याजवळ ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गाडीकडे बघितलं, मागच्या चाकाकडे.

"सकाये मांगल्या चाकनी हवा बघी ले," ते म्हणाले. "उद्या सोमवार शे."